बीपी? ते तर बाबांना आहे!

बीपी म्हटलं की बाबांच्या गोळ्यांचा डबा आठवतो ना? पण बीपी विशी-तिशीतही वाढतं आणि बहुतेकांना पत्ताच लागत नाही. त्रास काहीच नसतो. हृदय, मेंदू, किडनीवर मात्र ताण पडत राहतो.

वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आकडा 140/90 किंवा वर येतोय? मग थेट डॉक्टरांना गाठा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. कँटीनचा वडापाव, वेफर्स, लोणचं, पापड सगळं त्यातच धरायचं! तेव्हा वरून मीठ घेणं आजपासून बंद. आणि घरी बाबा बीपी मोजतील तेव्हा पाच मिनिटं शांत बसून तुमचाही दंड पुढे करा.