शंभर मैलांची शर्यत, हुकूम नाडीचा

मुंबईहून निघालात तर पुणं मागे पडेल, एवढं अंतर: शंभर मैल, म्हणजे 160 किलोमीटर. तेही कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडातल्या दऱ्याखोऱ्यांतून, एकाच घोड्यावर, 24 तासांत! हा टेव्हिस कप. आजचे घोडेही एका दिवसात शंभर मैल जातात हे दाखवायला वेंडेल रॉबी यांनी 1955 साली तो सुरू केला. वेळेत पोचणाऱ्याला चांदीचं बक्कल मिळतं, रोख काही नाही. पोचतात साधारण निम्मेच.

वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य उभे असतात. ते हिरडी दाबून बघतात, मानेची कातडी चिमटीत धरतात, पोटाला कान लावतात (आतडी गप्प असतील तर काळजीचं), दुडकीवर पळवून लंगडतोय का पाहतात. आणि नाडी! बहुतेक स्पर्धांत ती मिनिटाला 64 पर्यंत उतरल्याशिवाय घोडा पुढे जात नाही. विश्रांतीची वेळही नाडी उतरल्यावरच मोजायला लागतात. म्हणून घोडा निवडताना तो किती जोरात पळतो यापेक्षा किती लवकर शांत होतो ते बघावं. अरबी घोडे इथे आघाडीवर असतात: सडपातळ स्नायू, पातळ कातडी, अंगातली उष्णता झटकन बाहेर. आपल्या भीमथडीच्या तट्टांतही अरबी रक्त आहे असं मानतात.

रूप नंतर, खूर आणि वय आधी. टेव्हिसला सहा वर्षांखालचा घोडा चालतच नाही, आणि हा नियम मला फार आवडतो. सरावानं दम काही महिन्यांत वाढतो; हाडं आणि कंडरा मात्र सावकाश पक्क्या होतात. घाई केली की तिथेच पाय जातो.

सगळ्यात नवलाचा घोड्याचा घाम. आपला घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, घोड्याचा जास्त. पाण्याबरोबर इतकं मीठ गेलं की अंग सुकत आलं तरी त्याला तहानच लागत नाही! म्हणून तोबऱ्यात क्षार मिसळतात आणि सरावातच ओढ्याचं, डबक्याचं, परक्या बादलीतलं पाणी प्यायची सवय लावतात.

1973 साली टेव्हिसच्या वाटेत गॉर्डी एन्स्ले या स्वाराचा घोडा लंगडला. पुढच्या वर्षी ते घोड्याशिवायच धावले, 24 तासांच्या आत पोचलेही. त्यातून माणसांची शंभर मैलांची शर्यत जन्मली.

जाणकारांचा जीव मात्र टेव्हिसमधल्याच हॅगिन कपात. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात, आणि जो सगळ्यात ताजातवाना, तो कप त्याचा.