अल्टिमा ४: क्वेस्ट ऑफ द अवतार

अल्टिमा ४: क्वेस्ट ऑफ द अवतार हा इ.स. १९८५ मध्ये प्रकाशित झालेला, अद्भुतरम्य जगात घडणारा भूमिकाप्रधान संगणकीय खेळ आहे. त्याची रचना रिचर्ड गॅरियट यांनी केली असून अमेरिकेतील ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने तो प्रथम ॲपल २ या संगणकासाठी प्रकाशित केला. या खेळात मुख्य खलनायक नाही. ब्रिटानिया या काल्पनिक देशात सदाचरणाने ‘अवतार’पद मिळवणे, हेच खेळाडूचे ध्येय असते.

पार्श्वभूमी

मालिकेच्या आधीच्या भागांत दुष्ट शक्तीचा नाश हे अंतिम कार्य होते. ते साधताना खेळाडूने दुकानात चोरी केली, तरी त्याच्या विजयाला बाधा येत नसे. चौथ्या भागात गॅरियट यांनी साधनशुचितेलाच खेळाचा विषय केले. ‘अवतार’ हा शब्द त्यांनी हिंदू परंपरेतून घेतला. मात्र त्याचा अर्थ येथे पालटला आहे. मूळ संकल्पनेत देव पृथ्वीवर अवतरतो, तर या खेळात सामान्य मनुष्य स्वतःच्या वर्तनाने त्या पदापर्यंत चढतो.

मूल्यव्यवस्था

सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन मूलतत्त्वे आहेत. त्यांतून प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान व अध्यात्म हे सद्गुण निष्पन्न होतात. उदाहरणार्थ, सत्य आणि प्रेम यांच्या संयोगातून न्याय उद्भवतो. आठवा सद्गुण नम्रता. तो कोणत्याही तत्त्वातून निघत नाही.

खेळण्याची पद्धत

प्रारंभी एक भविष्यवेत्ती खेळाडूला सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुणांपैकी एकाची निवड करावी लागते. या उत्तरांवरून खेळाडूचा व्यवसाय ठरतो. नम्रतेला अग्रक्रम देणाऱ्यास मेंढपाळाची भूमिका मिळते. लढाईच्या दृष्टीने ती सर्वांत दुबळी आहे.

पुढे खेळाडूच्या कृतींची नोंद पडद्याआड होत राहते. जादूसाठी लागणाऱ्या वनस्पती विकणारी स्त्री अंध आहे आणि किती नाणी द्यायची, हे खेळाडूच ठरवतो. कमी नाणी दिल्यास ती अडवत नाही, परंतु प्रामाणिकपणा घटतो. भिकाऱ्यास दान दिल्याने करुणा, तर रक्तदानाने त्याग वाढतो. युद्धातून पळ काढल्यास शौर्य उणावते. हे आकडे खेळाडूला दिसत नाहीत. हॉकविंड हा द्रष्टा केवळ प्रगतीचे संकेत देतो. पुरेशी योग्यता आल्यावर त्या त्या सद्गुणाच्या देवस्थानी मंत्र जपून ध्यान करावे लागते. अध्यात्माचा मंत्र ‘ओम्’ आहे. आठही सद्गुण सिद्ध झाल्यावर खेळाडू गुहेत उतरून परमज्ञानाच्या ग्रंथापर्यंत पोहोचू शकतो.

महत्त्व

खेळाडूच्या नैतिक वर्तनाला कथेच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या आरंभीच्या संगणकीय खेळांत याची गणना होते. इ.स. १९८८ मधील पाचव्या भागाने याच विचाराची दुसरी बाजू मांडली: हेच सद्गुण कायद्याने सक्तीचे केले, तर त्यांचे जुलमात रूपांतर होते.