ओल्या खांबांवरचं शहर

ॲमस्टरडॅमला समुद्रातून थेट जाता येत नाही. उन्हाळ्यातली क्रूझ आधी एयमाउडनच्या लॉकमध्ये शिरते. 2022 साली सुरू झालेलं हे लॉक 500 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद आहे. मागचं दार बंद होतं, पाण्याची पातळी जुळते, पुढचं दार उघडतं आणि जहाज 1876 सालच्या नॉर्थ सी कालव्यातून संथपणे शहराकडे निघतं. धक्क्यावर उतरलं की मध्यवर्ती रेल्वे स्टेशन चालत पंधरा-वीस मिनिटांवर.

बहुतेक प्रवासी स्टेशनसमोर फोटो काढून पुढे सरकतात. ही अवाढव्य इमारत 8,687 लाकडी खांबांवर उभी आहे, हे वरून कळायचं कारणच नाही. थोडं पुढे, डाम चौकातला राजवाडा 13,659 खांबांवर. हा आकडा पाठ करायची डच मुलांची युक्ती सोपी आहे: वर्षाचे दिवस 365, पुढे एक, मागे नऊ.

इथली जमीन म्हणजे मऊ पीट आणि चिखल. घट्ट वाळूचा थर लागेपर्यंत झाडांचे सोट ठोकत न्यायचे आणि त्यावर विटांची घरं चढवायची, ही इथली जुनी रीत. लाकूड पाण्यात बुडालेलं राहिलं तर शतकानुशतकं टिकतं. पाणी उतरून वरच्या टोकाला हवा लागली की बुरशी धरते. म्हणून कालव्यांची पातळी समुद्रसपाटीच्या साधारण 40 सेंटिमीटर खाली राखली जाते. पूर येईल याची धास्ती सगळ्यांनाच असते. इथे पाणी आटू नये म्हणूनही जागता पहारा.

1613 पासून खणलेले हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे कालवे जुन्या गावाला अर्धवर्तुळात वेढतात. काठ सरळ वाटतो, पण हळूच वळतो, आणि नवखा माणूस हमखास भरकटतो. अशा वेळी दारांवरचे क्रमांक कामी येतात: ते वायव्येकडच्या ब्राउवर्सग्राख्तच्या बाजूने वाढत जातात. प्रिन्सेनग्राख्तवर 263 क्रमांकापाशी रांग दिसते, ती ॲन फ्रँकच्या घराची.

चालताना मान वर हवी. बहुतेक जुन्या घरांच्या माथ्याशी पुढे आलेलं लाकूड आणि त्याला आकडा. माल पोटमाळ्यावर साठवायचा, जिने शिडीसारखे उभे. मग कप्पी लावून पोती खिडकीतूनच आत घ्यायची. चढणारा माल भिंतीला घासू नये म्हणून दर्शनी भिंती मुद्दाम रस्त्याकडे झुकवलेल्या. पलंग, कपाटं आजही खिडकीतूनच जातात. फक्त दोराऐवजी बऱ्याचदा यांत्रिक शिडी असते.

वर पाहून झालं की खाली, काठाच्या भिंतींकडे पाहावं. त्याही खांबांवरच आहेत, पण त्या बांधल्या हातगाड्या आणि घोडागाड्यांच्या काळात. 1 सप्टेंबर 2020 रोजी ग्रिमबुर्गवाल या कालव्यावरची अशीच एक भिंत पाण्यात कोसळली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. तेव्हापासून डागडुजीला वेग आला. ठिकठिकाणी काठाला लोखंडी पत्रे ठोकून आधार दिलेला दिसतो, तराफ्यावर क्रेन उभी असते आणि जड ट्रकांवर निर्बंध आहेत. चित्रातल्यासारखा फोटो हवा असलेले प्रवासी हे पत्रे चौकटीबाहेर ठेवायला धडपडतात. खरं तर दिवसभरात पाहण्यासारखं सगळ्यात जिवंत काम तेच.

पाहुण्यांचं ओझंही शहराला आता जाणवू लागलंय. 2026पासून समुद्री क्रूझना वर्षाला 100 खेपांची मर्यादा आहे, आणि 2035पर्यंत त्यांना शहरातून हलवायचा बेत आहे.

जहाजाकडे परतताना कधी कधी आणखी एक तराफा भेटतो, लोखंडी पंजाचा. कालवा तीन मीटर खोल, त्यात एक मीटर पाणी, एक मीटर गाळ आणि एक मीटर सायकली, असा इथला जुना विनोद. विनोद असला, तरी पंजा वर्षाला हजारो सायकली बाहेर काढतो. पाण्यात बुडी, गाळात चाचपणी, मग शेवाळ ओघळणारा एक लोखंडी गुंता वर. त्यातल्या एखाद्या चाकाला अजून कुलूप असतं.