महाधमनी फाटते तेव्हा: धोका कुणाला?

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. भिंतीला तीन थर. आतला थर चिरला की रक्त थरांच्या मध्ये शिरतं आणि भिंत उभी सोलत जाते.

सर्वांत मोठं कारण: वर्षानुवर्षं ताब्यात नसलेला रक्तदाब. मालवण किनाऱ्यावर पावसाळ्यासाठी मीठ लावून सुकवलेला बांगडा घरोघरी असतो. रक्तदाबाच्या रुग्णाने त्यातलं मीठ हिशेबात धरायलाच हवं. गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करणं विशेष घातक.

इतर कारणं
- धूम्रपान, वाढतं वय. पुरुषांत प्रमाण जास्त
- आधीच फुगलेली महाधमनी. व्यास साधारण 5.5 सें.मी. झाला की शस्त्रक्रियेचा विचार, मार्फानमध्ये त्याआधीच
- मार्फान सिंड्रोम: उंच, सडपातळ बांधा, लांब बोटं. तरुणपणीही धोका
- महाधमनीची तीनऐवजी दोन पाकळ्यांची जन्मजात झडप
- जवळच्या नात्यात असा आजार
- कोकेन
- गरोदरपण, मुख्यतः मार्फानसारखा आजार असल्यास

रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा) दोर श्वास रोखून ओढताना रक्तदाब झटकन चढतो. निरोगी माणसाला त्याचं काही नाही. भिंत आधीच कमजोर असेल तर तेच निमित्त ठरू शकतं.

प्रकार: 'ए' हृदयालगतच्या भागात, तातडीची शस्त्रक्रिया. 'बी' त्यापुढे, बहुधा आधी औषधं.

ओळख: छातीत किंवा पाठीत अचानक, फाडल्यासारखी कळ. हार्ट अटॅकशी गल्लत होते. रक्त पातळ करणारं औषध इथे घात करतं. निदान सीटी अँजिओग्राफीने. रुग्णवाहिका: 108.