उलटं उडणारं किरण

पोरांनो, कुपवाडच्या माळावर विजेच्या तारेवर बसलेला नीलपंख बघितलाय का कधी? बसलेला असताना मातकट, कुणी ढुंकून बघणार नाही. पण उन्हाळा लागला की नर सरळ वर चढतो आणि अंग टाकून खाली झेपावताना या कुशीवरून त्या कुशीवर लोळण घेत येतो. निळाई खरी तेव्हा उघडते. सगळा खटाटोप मादीसाठी!

तसंच लोळणारं एक विमान आपल्याच मुलखातल्या माणसानं आखलं. विष्णु माधव घाटगे, गडहिंग्लजकडचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल या हवाशास्त्राच्या महागुरूच्या हाताखाली शिकले, मग बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. १९५१ला त्यांचं एचटी-२ उडालं आणि १९६४ला जेट इंजिनाचं किरण. त्यात उस्ताद आणि शागीर्द शेजारी-शेजारी बसायचे, कारण ते होतंच मुळी शिकाऊ पोरांचं विमान.

आता विमान उभं गोल फिरून माथ्यावर उलटं होतं, तेव्हा वैमानिक खाली का लोंबत नाही? अर्धी बादली पाणी हातानं गरगर उभी फिरवा. पाण्याला सरळ पळायचं असतं, बादलीचा तळ त्याला आत ढकलत राहतो. विमानात हे ढकलायचं काम पंख करतात, म्हणून उलटा असूनही गडी खुर्चीला चिकटून राहतो. खरी परीक्षा त्या गोलाच्या तळाशी. तिथं वजन चौपट झालं, तर पाच किलोचं डोकं वीस किलोचं होतं! रक्त पायाकडं धावतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. म्हणून वैमानिक पोटऱ्या आणि पोट आवळून धरतो. मात्र गोल न घेता नुसतं सरळ उलटं उडायचं म्हटलं, की तो पट्ट्यांना लोंबतोच. तिथं बादलीची युक्ती चालत नाही.

१९९६ला उदगीरच्या पलीकडं, बीदरला, हवाई दलानं हवाई कसरतींचं सूर्यकिरण पथक उभं केलं. केशरी-पांढरी किरणं, आधी सहा, पुढं नऊ. पंखाला पंख भिडेल इतकी जवळ. एकटं विमान लोळणं सोपं, पण इथं पुढच्यानं ढवळलेल्या हवेत मागच्यानं जागा राखायची असते. मला तर सगळं कसब त्यातच दिसतं.

पंधरा वर्षं मिरवून २०११ला हे खेळ थांबले. किरणं दमली म्हणून नव्हे. नव्या वैमानिकांना शिकवायला विमानं कमी पडत होती. खेळातली ती नटवी विमानं पुन्हा शाळेला लागली. काही वर्षांनी पथक परत उभं राहिलं, पण हॉक या परदेशी आखणीच्या विमानावर.