‘९० दिवसांत फ्रेंच’ खरंच शक्य आहे का? नोकरी करत नवी भाषा शिकण्याचं गणित समजून घ्या

‘तीन महिन्यांत फ्रेंच शिका, कॅनडाचा पीआर पक्का करा’ अशा धर्तीच्या जाहिराती हल्ली रील्समध्ये वरचेवर दिसतात. तिशी-पस्तिशीतली, नोकरी करणारी अनेक माणसं त्या पाहून फी भरतात. दोन महिने उत्साहात जातात. मग ऑडिओ सुरू झाला की एकही शब्द पकडता येत नाही आणि ‘आपल्याला भाषा जमतच नाही’ असं म्हणून क्लास सुटतो. पैसे जातात ते वेगळंच.

दोष वयाचा असतो, की चुकीच्या हिशेबाचा?

फ्रेंचला एवढा भाव का आला?

कॅनडाने २०२३ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीमध्ये फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच एका फेरीचा कट-ऑफ ३३६ होता. त्याच महिन्यात सर्वसाधारण फेऱ्यांचा कट-ऑफ ५०० च्या वर होता. फरक एवढा मोठा असल्यावर लोक फ्रेंचकडे वळणारच.

पण अट सोपी नाही. ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं या चारही गोष्टींत कॅनडाच्या मोजपट्टीवर किमान सातवी पातळी लागते. युरोपच्या ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांत सांगायचं, तर ही पातळी साधारण बी२ च्या आसपास येते. फ्रान्सनेही १ जानेवारी २०२६ पासून नागरिकत्वासाठी बी१ ऐवजी बी२ ची अट लावली आहे.

म्हणजे ‘बोंजूर, मेर्सी’ एवढ्यावर भागत नाही. घरमालकाशी वाद घालता येईल, बातम्या समजतील, अर्ज लिहिता येईल, इतकी भाषा लागते.

बी२ ला किती तास लागतात?

आलियांस फ्राँसेझचा ढोबळ अंदाज असा आहे: ए१ साठी ६० ते १००, ए२ पर्यंत १६० ते २००, बी१ पर्यंत ३६० ते ४०० आणि बी२ पर्यंत एकूण ५६० ते ६५० तास.

आता ६०० तास धरून गणित करा. ९० दिवसांत ६०० तास म्हणजे रोज साडेसहा तासांहून जास्त, रविवारसकट. नोकरी सोडली तरच हे जमेल. रोज दोन तास दिले तर ३०० दिवस लागतात, तेही एकही खाडा न करता. फक्त शनिवार-रविवार मिळून चार तास दिले तर तीन वर्षं.

सणवार, आजारपण, ऑफिसची धावपळ धरली, तर रोज दीड-दोन तास देणाऱ्यालाही दीड वर्ष हा प्रामाणिक अंदाज आहे. तीन महिन्यांत नोकरदाराची नीट होऊ शकते ती ए१, फार तर ए२.

मोठ्या वयात भाषा येत नाही, हे खरं का?

अर्धंच खरं. परक्या भाषेतले बारीक ध्वनी वेगळे ओळखण्याची बाळाची क्षमता पहिल्या वर्षाच्या अखेरीसच कमी व्हायला लागते. त्यामुळे मोठेपणी शिकलेल्या भाषेत मूळ भाषेचा हेल बहुधा राहतोच.

पण शिकण्याचा वेग ही वेगळी गोष्ट आहे. कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्याने नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास केला होता. तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या महिन्यांत मोठी माणसं आणि किशोरवयीन मुलं लहानग्यांच्या पुढे होती. मुलांनी अंतर कापलं ते नंतर. मोठ्यांना नियम समजतात, तुलना करता येते, आपण काय चुकतो ते कळतं. त्यांच्याकडे कमी असतो तो वेळ, आणि चुकीचं बोलून हसू करून घ्यायची तयारी.

मराठी येणाऱ्याला काय सोपं जातं?

बरंच काही. इंग्रजी भाषकाला फ्रेंचमधलं लिंग विचित्र वाटतं. मराठी माणूस तर तीन लिंगं सांभाळतो, फ्रेंचमध्ये दोनच आहेत. मात्र जोड्या जुळत नाहीत. आपला चंद्र ‘तो’ आहे, फ्रेंच ‘ल्यून’ मात्र ‘ती’. म्हणून शब्द पाठ करताना त्याच्या आधीचा ‘ल’ किंवा ‘ला’ सोबतच पाठ करायचा.

‘त्यू’ आणि ‘वू’ म्हणजे आपलं ‘तू’ आणि ‘तुम्ही’. कुणाला अरेतुरे करायचं आणि कुणाला नाही, ही जाण आपल्याकडे आधीच असते.

भूतकाळही ओळखीचा निघतो. ‘तो गेला, ती गेली’ असा बदल फ्रेंच लिहितानाही करावा लागतो. ‘पोळी खाल्ली, आंबा खाल्ला’ इथे आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्येही कर्म आधी आलं की लिखाणात असाच बदल होतो. हा नियम भल्याभल्यांना घाम फोडतो, मराठी माणसाला त्यात नवल वाटायला नको.

इंग्रजीचाही फायदा होतो, कारण १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. पण काही शब्द फसवतात. ‘लिब्रेरी’ म्हणजे लायब्ररी नाही, पुस्तकांचं दुकान. ‘मोने’ म्हणजे सुट्टे पैसे.

मग घोडं अडतं कुठे?

कानाशी. फ्रेंच जसं लिहितात तसं बोलत नाहीत. ‘पुष्कळ’ या अर्थाच्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरं असतात, उच्चार मात्र ‘बोकू’. ‘बोलणे’ या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांची रूपं तीन वेगळ्या स्पेलिंगने लिहितात, पण ऐकू येतं एकच: ‘पार्ल’.

त्यात शब्द एकमेकांना चिकटतात. ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’ होतं, म्हणजे ‘मित्र’. वहीत दोन शब्द असतात, कानाला एकच नवा शब्द ऐकू येतो.

काही ध्वनी मराठीत नाहीतच. ‘ई’ म्हणता म्हणता ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा. जो आवाज येईल तो फ्रेंच ‘यू’. तो चुकला तर ‘दस्यू’ म्हणजे ‘वर’ याचं ‘दसू’ म्हणजे ‘खाली’ होतं. ‘पुआसों’ म्हणजे मासा आणि ‘पुआझों’ म्हणजे विष. हॉटेलात ऑर्डर देताना हे लक्षात असलेलं बरं.

आकड्यांतही गंमत आहे. सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’ आणि नव्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-दहा-नऊ’. वाचताना हे कळतं. पण समोरच्याने फोन नंबर भराभर सांगितला की हात थांबतो.

महाराष्ट्रात अनेक जण अकरावी-बारावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून फ्रेंच घेतात. चांगले गुण मिळतात, तरी बोलता येत नाही, याचं कारणही हेच. तयारी लेखी परीक्षेची झालेली असते, कान कोराच राहतो.

मग करायचं काय?

पहिल्या दिवसापासून ऐकायचं. आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र लेखी मजकुरासह मोफत मिळतं. टीव्ही५मोंदवर पातळीनुसार मोफत धडे आहेत. नवख्याने धड्यांपासून सुरुवात करावी, ए२ नंतर बातम्यांकडे जावं.

पद्धत साधी आहे. एक मिनिटाचा तुकडा आधी मजकूर न पाहता ऐका. जे ऐकू आलं ते लिहा. मग मजकुराशी ताडून पाहा आणि तोच तुकडा मोठ्याने म्हणा. एका मिनिटासाठी वीस मिनिटं जातील, पण कान तयार होतो तो असाच.

आणि रोज थोडं करा. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोजची चाळीस मिनिटं भारी पडतात, कारण उजळणी झाली नाही की शब्द झपाट्याने विसरतात.

फी भरण्याआधी हे विचारा

- कोर्स एकूण किती तासांचा आहे आणि तो कोणत्या पातळीपर्यंत नेतो? तासांचा आकडा देत नसतील तर सावध व्हा.
- एका बॅचमध्ये किती जण असतात? प्रत्येकाला बोलायला किती वेळ मिळतो?
- तयारी कोणत्या परीक्षेची होते? एक्स्प्रेस एन्ट्रीसाठी फक्त टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा चालते. डीईएलएफ चालत नाही आणि क्लासचं स्वतःचं सर्टिफिकेटही नाही.
- परीक्षा कधी द्यायची? कॅनडासाठी हा निकाल दोनच वर्षं धरला जातो, डीईएलएफ मात्र कायमचं असतं. घाईने दिलेल्या परीक्षेची मुदत अर्ज करण्याआधीच संपू शकते.

चाळिशीतही बी२ गाठता येतं. फक्त क्लास लावताना ‘किती दिवसांत’ असं न विचारता ‘किती तासांत’ असं विचारा आणि तेवढे तास आपल्या आठवड्यात कुठे बसतात, ते आधी कॅलेंडरवर मांडून पाहा.