तिसरे मूल आणि पंचायतीची खुर्ची

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना आम्हांला नेहमी नवी जोडपी भेटतात. गिरिजात्मज म्हणजे गिरिजेचा मुलगा. पार्वतीने पुत्रासाठी इथेच तप केले, अशी कथा आहे. म्हणून मूल मागायला लोक इथे येतात. पण तिसरे मूल झाले तर सरकार शिक्षा करते का हो, असे पारावर आम्हांला पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर समजून घेऊ.

साध्या माणसाला तिसऱ्या मुलासाठी दंड नाही, तुरुंगही नाही. आणीबाणीत, १९७६ साली, तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. तो कायदा झालाच नाही.

मग बंधन कुणाला? जो गावाचा कारभार करू पाहतो, त्याला. दोनांपेक्षा जास्त मुले असणाऱ्याला ग्रामपंचायतीचा सदस्य होता येत नाही. निवडून आल्यावर तिसरे झाले, तर पद जाते. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलाला हा नियम लागतो. त्याआधीची मुले जास्त असली तरी चालतात. एका मुलानंतर जुळे झाले, तर जुळे एकच धरतात. वाद झाला, तर जिल्हाधिकारी निर्णय देतात. सरकारी नोकरीत नव्याने लागणाऱ्यालाही २००५ च्या नियमांनी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

काहीजण पळवाट शोधतात. तिसरे मूल नातलगाला दत्तक देतात. पण ओडिशातील एका सरपंचाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले, की दत्तक दिले तरी मूल जन्मदात्याचेच मोजायचे.

कुणी तर जन्माची नोंदच करीत नाही. हे फार वाईट. जन्म झाल्यापासून २१ दिवसांत नोंद करावी, असा कायदा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलाला शाळेत घालताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. खुर्ची पाच वर्षांची, दाखला जन्मभराचा. बापाची खुर्ची वाचावी म्हणून लेकराने का अडावे? त्याचा काय गुन्हा?

तेव्हा मंडळी, किती मुले हवीत, ते नवराबायकोने आधीच बसून ठरवावे. बाईचे मत अवश्य घ्यावे. आणि झालेच तिसरे, तर पद सोडावे. लेकरू लपवू नये.